चौथ्या पेटीतला ठसा

रात्री दोनची तपासणी.
सहा पेट्या, पाच दिवे,
सहावा कालपासून फडफडतोय.
बारा वर्षं झाली या खोलीत, तरी मी
पेटीत हात घालण्याआधी
तळवे एकमेकांवर घासून घेते.
थंड हातांनी विचारलं
तर अंग खरं सांगत नाही.

चौथी पेटी. चिठ्ठीवर 'फालेसीचं बाळ, मुलगा'.
नाव अजून नाही.
वजन एक हजार एकशे चाळीस,
साखरेच्या पुड्याहून जरासं जास्त.
पण पुडा श्वास घेत नाही,
आणि हा घेतो तेव्हा
बरगड्यांमधली कातडी आत खेचली जाते,
आतून कुणी कडी लावून घेतल्यासारखी.

छाती आणि पोट एका तालात नाहीत: एक.
बरगड्या: एक.
नाकपुड्या फुलतात, थोड्याच: एक.
कण्हणं?
कान जवळ नेते.
बाटलीतले बुडबुडे मध्ये मध्ये बोलतात,
सरोवरच कुणी भरून आणलंय जणू त्या बाटलीत.
त्यांच्या मागे, श्वास सोडताना,
एक बारीक 'हं'.
गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या म्हाताऱ्याचा असतो तसा.
वय: तीन दिवस.

पडद्यावर ब्याण्णव.
यंत्राची काही तक्रार नाही.

फालेसी दूध घेऊन आली होती,
स्टीलच्या वाटीत तळाला दोन चमचे, वर झाकण.
वाटी माझ्या हातात देताना म्हणाली,
"हा संध्याकाळचा नाही, एनिफा."
म्हणजे?
"संध्याकाळी बोट धरलं होतं माझं.
आता मी बोट ठेवते,
आणि तो नुसतं ठेवू देतो."

तक्त्यात याला रकाना नाही.

मी छातीच्या मधल्या हाडावर बोट टेकवलं,
पाचापर्यंत दाबून धरलं, उचललं.
फिकट ठसा, मसुरीच्या डाळीएवढा.
एक.
दोन.
तीन.
चौथ्याला रंग परतला,
गर्दीतून वाट काढत आल्यासारखा.

"मी पण असंच करते," फालेसी म्हणाली.
पहाटे न्खोटाकोटाच्या काठाला होड्या लागतात,
ती टोपली घेऊन गुडघाभर पाण्यात जाते,
चांबोच्या अंगावर अंगठा दाबते.
"खळगा भरून आला तर घ्यायचा.
तसाच राहिला तर..."
आणि तिनं चितेन्जेचं टोक तोंडाशी नेलं.
ते वाक्य आम्ही दोघींनी
तिथेच ठेवलं, वाटीच्या शेजारी.

थोड्या वेळानं मी विचारलं,
किती वेळ वाट बघतेस?
"मोजत नाही. कळतं."

डॉक्टर म्सिस्का झोपेतून बोलले:
"ब्याण्णव आहे ना?"
आहे.
पण ठसा चौथ्याला भरतोय.
आणि त्याची आई म्हणते, हा संध्याकाळचा नाही.
फोनमध्ये थोडा वेळ काहीच नाही,
मग पलंगाचा आवाज, मग चपला.

पुढचं सगळं छोटंच होतं:
कापसाएवढ्या हातावर सापडलेली एक शीर,
तीही तिसऱ्या प्रयत्नात,
काचेच्या बाटलीत एक मिलिलिटर रक्त,
सुईतून शिरणारं औषध, थेंब, थेंब.
साडेतीनला वीज गेली.
जनरेटर खोकून सुरू होईपर्यंत
सहा पेट्यांवर आम्ही सगळ्या जणी
हात पसरून उभ्या होतो,
कुणी सांगितलं नव्हतं.

सहाला मी तिला बोलावलं.
ये, या वेळी तू मोज.
तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले,
तरी हाताला मासळीचा वास होताच.
मी बोट उचललं.
"चिमोद्झी," ती म्हणाली.
"झिविरी."
रंग आला तेव्हा
'झितातू' तिच्या ओठांवर अर्धा होता.

अर्ध्याला काय लिहितात?
मी तीन लिहिलं.
मग समासात, जागा होती तेवढ्या अक्षरात:
आईने मोजले.

बाहेर होड्या लागल्या असतील.
आज ती गेली नाही.
तिचं बोट त्याच्या तळव्यात,
आणि दोघी त्याच्या बोटांकडे बघत,
काही न लिहिता.