मुका

बर्नलीच्या गिरणीत चार माग एका बाईला,
आणि आवाज असा, की स्वतःची हाकसुद्धा
स्वतःच्या कानांपर्यंत पोचायची नाही.
आम्ही मग ओठांनीच बोलायचो,
तोंड मोठ्ठं उघडून, एकेक अक्षर दातांवर घासून:
कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेले,
मुकादम आला गं, मागे बघू नकोस.

एडा ऑर्मरॉड माझ्या समोरच्या मागावर.
धोटा रिकामा झाला की नवी कांडी भरायची,
भोकाला ओठ लावून धागा ओढून घ्यायचा,
दिवसातून तीनशे वेळा.
धोट्याचा मुका, आम्ही म्हणायचो.
त्या मुक्यानं माझे पुढचे दात गेले.
तिचे ओठ लंडनला गेले.

तिथं ती लोरेन व्हेल झाली.
गळ्यात कोल्ह्याचं कातडं, भुवया काजळाच्या रेघेएवढ्या,
आणि मूकपटातले ते मुके!
बाप्ये टोप्या काढून मांडीवर घेत.
शनिवारी आम्ही पुढच्या बाकावर, चार पेनीत.
पडद्यावर पाटी यायची:
"प्राणनाथा, मी जन्मभर तुमचीच!"
ओठ मात्र स्पष्ट सांगत:
"मेल्या, कांदा खाऊन आलायस."
आमची अख्खी रांग फुटायची,
मागचे शुक् शुक् करायचे,
पियानोवाली मिस पिकल्स बिचारी सूर चुकायची.

मग बोलपट आले.
लोक म्हणाले, काय गोड आवाज, खानदानी!
म्हणे दुसरीच कुणी बाई आडून बोलते,
एडाची बर्नलीची बोली साहेबांना चालली नाही.
मला काय त्याचं. एकवीस वर्षं मागांपाशी,
मी कान केव्हाच गिरणीला देऊन बसले होते.
माझ्यापुरता तो मूकपटच.
पण आता पाटी नव्हती, आणि ओठांवर
परक्या बाईचे शब्द, मापात कापलेले.
हसायला काही नाही. रांगेत आम्ही तिघीच उरलेल्या.

शेवटच्या चित्रात, अगदी शेवटी,
ती आगगाडीच्या खिडकीशी. बोलणं संपलेलं,
नुसतं संगीत असावं,
शेजारचा पोरगा पायानं ताल धरत होता.
ती काचेतून सरळ माझ्याकडे वळली
आणि तोंड मोठ्ठं उघडून, जुन्या पद्धतीनं:
"माग चालू आहेत का गं, हेटी?"

गिरणीला टाळं लागून तेरा आठवडे झाले होते.
अंधारात, आवाज न काढता,
मी तिला ते सांगितलं.