राखाडी शर्ट

पहाटे चारला बस सुटते ह्वालिएनहून,
आणि पहिला बोगदा यायच्या आत नियमांची उजळणी होते.
दारू नाही, सिगारेट नाही, सुपारी नाही, जुगार नाही,
घरच्यांशी, परक्यांशी मवाळ बोलणं,
गाडीत सीटबेल्ट.
हो, शीलांच्या यादीत सीटबेल्टसुद्धा.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो.
निळे शर्ट हसले नाहीत.

मी अजून राखाडीतला.
निळा मिळायला दोनेक वर्षं जातात
आणि कुणीतरी तुमची हमी घ्यावी लागते.
माझी घेतलीय तिंगश्वेइदादांनी. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस.
दारू त्यांनी एका रात्रीत सोडली,
सिगारेट एका हिवाळ्यात,
सुपारीला तीन वर्षं लागली, दात अजून साक्षीला आहेत.
जुगाराचं ते सांगत नाहीत.

आवाज तेवढा सुटला नाही.
अर्धी हयात इंजिनाच्या वर ओरडण्यात गेलेली;
आता अमिताभाचं नाव घेतलं तरी वाटतं
कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगताहेत.

पुराच्या गावात चिखल पोटरीपर्यंत.
आमच्या पँटी पांढऱ्या.
चिखल उपसायला पांढरं कुणी ठरवलं, मी विचारलं.
दादा गरजले, "पांढरं असलं की संध्याकाळी कळतं
आपण कुठे कुठे बसलो!"

तिसरं घर कोपऱ्यावरचं. पत्र्याचं दार,
भिंतीवर कंबरेएवढी तपकिरी रेघ,
आत लुओ नावाचे म्हातारे, उलट्या बादलीवर बसलेले.
दादांनी टोपी खाली ओढली
आणि बोलायचं थांबले.

दिवसभर नुसतं फावडं.
फ्रिज उचलताना "एक, दोन" मी म्हटलं.
गाद्या, भाताचा कुकर, फुगलेलं पंचांग,
बायकोचा फोटो धुऊन उन्हात ठेवला दादांनी,
काच अंगठ्याने पुसत, एक शब्द नाही.
दुपारच्या डब्याला आमचे गटप्रमुख माझ्या कानात म्हणाले,
बघ, याला म्हणतात वाणीचा संयम.
मीही मनात नोंद केली. शिकायला आलो होतो ना.

निघताना म्हातारे उठले.
दोन्ही हातांनी पुढे केली एक हिरवी सुपारी,
पानात गुंडाळलेली, चुना लावलेली.
घरात देण्यासारखं तेवढंच कोरडं उरलं होतं.
म्हणाले, "तिंगश्वेइ, आवाज कुठे गेला तुझा?"

रस्त्यावर पंप चालू होता. तो चालूच राहिला.

"सकाळी फावडं धरलंस तेव्हाच ओळखलं.
पत्ते पण असेच धरायचास, खांदा वर करून.
चार चाकं गेली माझी त्या रात्री.
पण ते जाऊ दे.
एकच विचारायचं राहिलं होतं. कशी चालली?"

दादांनी टोपी काढली.
माझ्या अंदाजाने ते वाकणार होते, कमरेतून, आम्हाला शिकवलंय तसं.
पण ते बादलीशेजारी चिखलातच बसले, पांढऱ्या पँटीसकट.
"चांगली चालली," म्हणाले.
"चढाला दम लागायचा. तिसरा गिअर अडायचा पावसात."
"अडायचाच," लुओ म्हणाले.
"हलक्या हाताने घ्यायला लागायचा."
"हो. हलक्या हाताने."

इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.
पंपामुळे पुढचं ऐकूही आलं नाही.
दोन म्हातारे, एक गिअर पुन्हा पुन्हा टाकत असलेले हवेत.

बसमध्ये त्यांनी सुपारी माझ्या खिशात घातली.
"तू ठेव. नाही म्हणवलं नाही,
आणि माझा माझ्यावर इतका भरवसा नाही."
मग उठून उभे राहिले, पार्श्वभागावर अख्खं गाव घेऊन,
आणि शेवटच्या बाकापर्यंत खिडक्या हादरतील असे ओरडले,
"बेल्ट लावा रे!"

लावला.
सुपारी अजून खिशात आहे,
वाळून खडा झालीय.
निळा शर्ट मिळाला की तिचं काय करायचं,
हे नियमांत नाही.