माया ठेवून

कोपरखैरण्याला झेरॉक्सच्या दुकानावर क्लास.
चौदा खुर्च्या. तेरा पोरं आणि मी.
मला दारात बघून मढवी सर म्हणाले,
पालकांची मीटिंग शनिवारी आहे हो.
म्हटलं, पालक नाही. फी भरलीय. ही पावती.

सर म्हणजे घणसोलीचा पोरगा, बावीस वर्षांचा,
घाई झाली की आगरीत घसरतो.
त्यानं फळ्यावर दोन टोकदार कंस काढले,
म्हणाला, यात नाव घालायचं, की खूण उघडली.
काम झालं की तिरकी रेघ देऊन मिटायची.
मिटायला विसरू नका, तीनदा सांगितलं.

मी विसरले.
"अस्तर" हा एकच शब्द ठळक करायचा होता,
तर तिथून खाली पान ठळकच होत गेलं,
काज-बटण, फॉल-पिको, दुकानाची वेळ,
सोमवारी बंद, सगळं ओरडून.
गाठ न मारता दोरा तोडला की हेच होतं
हे मला तेवीस वर्षं माहीत आहे,
आणि तरी.

रंगांना इथे नंबर असतात, रिळांना असतात तसे.
काहींना नावंही आहेत. टोमॅटो म्हटलं तर त्याला कळतं.
राणी कलर कळत नाही.
रामा, चटणी, अबोली, काहीच कळत नाही.
मी पिशवीतून राणी कलरचं रीळ काढून
स्क्रीनला टेकवलं, आणि अंक बदलत बसले
शेजारची अल्फिया "बस, काकू, बस" म्हणेपर्यंत.

तिसऱ्या आठवड्यात डबे.
पानावर जे दिसतं ते सगळं डबाच, सर म्हणाले.
आत मजकूर, मग पॅडिंग, मग बॉर्डर, बाहेर मार्जिन.
पोरांची पॅडिंग-मार्जिनमध्ये गल्लत व्हायला लागली.
मी बसल्या जागेवरून बोलले,
पॅडिंग म्हणजे माया.
टीप आणि काठ यांच्यातलं कापड.
एरवी अर्धा इंच, नव्या नवरीला दीड,
पुढे अंग भरतं, तेव्हा तीच उपयोगी पडते.
आणि मार्जिन म्हणजे
एका बाकावर दोन बायका बसल्यावर मधे राहतं ते.

सर जरा वेळ गप्प.
मग त्यांनी फळ्यावरचं पॅडिंग पुसून
माया लिहिलं.
महिनाभर तसंच होतं. झाडणाऱ्या मावशींनीही पुसलं नाही.

नवऱ्याला फाईल पाठवली.
तो तुर्भ्याला, कोल्ड स्टोरेजला, रात्रपाळीत.
हातमोजा काढून त्यानं उघडली असणार.
फोन केला: अर्धंच दिसतंय गं,
"ब्लाऊज शिवून मि".
एवढंच? एवढंच. पुढे काठ आला.

नऊशेच्या मापात बेतलं होतं मी सगळं,
समोरच्याचं माप न विचारता.
दुकानात असं कुणी केलं असतं
तर मी कात्री हातातून काढून घेतली असती.

उसवलं.
उसवण्याची मला लाज नाही वाटत, पोरांना वाटते.
नऊशे काढून शंभर टक्के घातले.
माऊसनं खिडकी बारीक केली,
ओळी आपल्या आपण खाली उतरल्या,
एकीला जागा द्यायला दुसरी सरकली.
परत रुंद केली. परत बारीक.
अल्फियानं विचारलं, काय करताय?
काही नाही म्हटलं.

पान अजून कुणाला दिसत नाही.
सहा नंबरच्या मशीनवर आहे, तिथेच.
बाहेर कसं काढायचं ते पुढच्या महिन्यात, वेगळी फी.
मी स्वतःसाठी शिवलेलं पहिलं पोलकंही
पदराखालीच नेसले होते. एक बाही उलटी होती.

काल नवीन शिकले:
जे लिहिलं तरी पानावर उमटत नाही,
फक्त पुढे उघडून बघणाऱ्यासाठी असतं,
त्याला सर टीप म्हणतात.
आमच्यात टीप वरून दिसते. इथे आत राहते.
सर म्हणाले, काहीही लिहा, तुमच्या आठवणीसाठी.

बराच वेळ कर्सर लुकलुकत होता.
मग लिहिलं:
माया चोवीस ठेवली आहे. कमी करू नये.