अर्धा बटवा

एक्क्याण्णवच्या सप्टेंबरात घातले होते बहात्तर टाके.
मारेत शिकायला टार्टूला निघाली होती
आणि सुट्टे रूबल कोटाच्या फाटक्या खिशात ठेवायची,
म्हणून.
माप नोटेवरूनच घेतलं, नोट दुमडून, सुईला लावून.

आठ टोकांची चांदणी, पांढऱ्यावर लाल.
दोन रांगा झाल्या, तिसरीत लाल संपला.
दुकानात तेव्हा लोकर नव्हती, साबण नव्हता, साखर कुपनावर,
आणि साल्मे काउंटरवर कोपरं टेकून
रिकाम्या फळ्यांची राखण करत बसायची.
बोट सकाळी आठची. मारेत गेली.
टाके मी सुतळीवर उतरवून ठेवले.

पुढच्या उन्हाळ्यात रूबल गेले, क्रोन आले.
शाळेत रांग लावून बदलून घेतले आम्ही,
नोटा इतक्या कोऱ्या की एकमेकींना चिकटायच्या.
मारेतने फोनवर विचारलं, बटव्याचं काय झालं?
म्हटलं, होतंय.
पाच सुयांतली एक केक भाजला का बघायला लागली,
एकीने उनो पाइप साफ करायचा.
(उनो गेला. पाइप खिळ्यावर आहे. सुई सापडली नाही.)
मग क्रोनही गेले, युरो आले,
आणि मी म्हणतच होते, होतंय.
दोन राजवटींचे पैसे बाद झाले
बटव्याला तोंड फुटायच्या आत.

ह्या जानेवारीत सरपण आणायला गेले, बर्फावरून घसरले,
घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर.
करायला काहीच नाही म्हणजे काय
ते मला बाहत्तराव्या वर्षी कळलं.
पोस्टमन आइवारला सांगितलं, गिरणीतून लाल आण.
आणला. पण हा लाल रानबेरीचा,
जुना विटेचा, त्यात तीस वर्षं कपाटात विटलेला.
खिडकीपाशी दोन्ही धरून बघितले.
उसवावं म्हटलं सगळं. एक टोक ओढलंही,
तर जुना धागा वळणांची सवय सोडेना,
नूडल्ससारखा वाकडाच उभा राहिला.
परत ओवला.

सुतळीवरचे टाके उचलताना चार गळाले होते.
तीन वर आणले, चौथा कुठे गेला देव जाणे.
चांदणीचं एक टोक आखूड आहे. असू दे.

टाके बंद केले त्या रात्री तो माझ्या टोपीएवढा होता.
आता शेवटचं काम: साबणाच्या कढत पाण्यात घालून
चोळायचं, आपटायचं, गार पाण्यात, परत कढत,
लोकर आटेपर्यंत, टाका टाक्यात शिरेपर्यंत.
इतकी वर्षं भिजत पडलेलं घोंगडं
शेवटी खरंच भिजवलं एकदा.
हात लाल झाले. कुठल्या लालसारखे, नाही बघितलं.
आत उनोच्या शर्टाचं अस्तर. वर पितळी चाप,
तो लावताना मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

ईस्टरला मारेत आली. केस पांढरे, गुडघा दुखतो तिचा.
बटवा हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला,
जिथे लाल बदलतो तिथे अंगठा फिरवला.
म्हणाली, ह्यात फोन मावत नाही, आई.
पैसे तर आता मी बाळगतच नाही.
मी म्हटलं, मग बटाटे ठेव.

तिने पर्स उपसली, तळातून एक किल्ली काढली,
बुटाच्या नाडीला बांधलेली.
ह्या घराची. गेली त्या सकाळी नेलेली.
तिच्या चार घरांतून, एका लग्नातून, इतक्या कोटांतून
तिच्यासोबत फिरलेली.
बटव्यात टाकली, चाप लावला,
कानाशी नेऊन हलवून बघितली.

कुलूप मी पंच्याण्णव सालीच बदललंय,
विमावाल्याने हट्ट धरला म्हणून.

सांगणार होते.
पण कॉफी उतू गेली, आणि तसंही
बाहेर जाताना मी कुलूप लावतच नाही,
दाराला झाडू टेकवून ठेवते,
आमच्याकडे सगळेच ठेवतात,
येणाऱ्याला कळतं, घरात कोणी नाही,
येईल इतक्यात.