पाचवा बोल्ट

मे महिना. पहाटे पाचला निघालो हिंगण्याकडे.
नऊनंतर ही खदान हात लावू देत नाही.
काळा दगड, कधीकाळी सुरुंगाने फोडलेला,
कोपऱ्यात हिरवं पाणी, त्यात एक चप्पल.
कोणाची, ते कुंदा मडावी सांगत नाही.

चार महिने दोर वरून यायचा,
वर्गातल्या हुशार पोरासारखा,
विचारायच्या आधीच उत्तर देणारा.
आज तो कमरेला बांधून मीच वर न्यायचा.
मी जिथवर, तिथवरच तो.
त्याच्या वर कोणी नाही.

पहिला. टक. दुसरा. टक.
तिसऱ्याशी पोटरी आपली आपणच वाजू लागली,
जुन्या कूलरच्या पत्र्यासारखी.
चौथा.
आणि मग, पाचावर धारण बसणे,
वाक्यात उपयोग करा.
पण हे मराठीच्या बाई विचारतात.
मी गणिताची.

गणित असं: चौथा बोल्ट कमरेखाली दोन मीटर,
म्हणजे पडेन चार.
अधिक दोराचा ताण.
कुंदा अठ्ठेचाळीस किलो, मी एकाहत्तर.
उत्तर येत नव्हतं, घाम येत होता,
आणि वीस वर्षं बोटांत मुरलेला खडू
पहिल्यांदाच कमी पडत होता.

खालून कुंदा, मेडिकलची नाइट करून आलेली:
"काऊन थांबल्या मॅडम?"
विचार करते म्हटलं.
"विचार खाली येऊन करजा. एकडाव पडून पाय ना!"

पाय म्हणजे पाहा.
मला मात्र ऐकू आला माझाच पाय, उजवा,
ज्यानं त्याच क्षणी
नखाएवढी कपार सोडली.

देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही.
मी ओरडले, "गप्प बसा!"
अख्खी खदान गप्प बसली.
मग कंबरेत हिसका, गुडघ्यावर दगड,
आणि दोरानं मला उचलून धरलं.

खाली पाहिलं तर कुंदाही हवेत,
माझ्या वजनानं वर आलेली,
टिकली दिसावी इतकी जवळ.
दोघी लोंबत.
"पाहा," ती म्हणाली, "मी बी चढली."

भीती गेली, असं नाही.
दुसऱ्यांदाही पत्रा तसाच वाजत होता.
पाचव्याशी हातानं दोर ओढून दातांत धरला,
पुन्हा ओढला, कडी चाचपली.
टक.
वर अजून दोन होते.
ऊन दगडावर उतरलं होतं, नऊला दहा कमी.
मी उतरले.

तर्री-पोह्याच्या टपरीवर
चमचा धरता येईना, बोटं मिटतच नव्हती.
कुंदानं माझ्या बशीवर लिंबू पिळून दिलं.