शून्य ओळी

पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर,
एक खोली, एक लॅपटॉप, एक स्कॅनर
आणि वामनगुरुजींच्या एकशे बारा चोपड्या,
लाल खारव्यात बांधलेल्या.
मी सातपूरहून यायचे, सीबीएसला बस बदलून.

पहिल्या दिवशी गुरुजी म्हणाले,
"डेटाबेस म्हणजे काय ते आधी सांग.
मग चोपडीला हात लाव."

म्हटलं, तुमचं हे कपाट.
"मग कपाटच म्हणू की."
नाही. कपाट नुसतं ठेवतं. हे विचारलं की सांगतं.
"म्हणजे मी."
हो. म्हणजे तुम्ही.

टेबल म्हणजे एकाच तऱ्हेची माणसं एका जागी.
आडवी ओळ म्हणजे एक माणूस, ते रेकॉर्ड.
उभा रकाना म्हणजे एक प्रश्न, सगळ्यांना तोच:
नाव काय, गाव कोणतं, कधी आलात,
कोणाच्या अस्थी.

"आणि आमच्या आजोबांनी समासात लिहिलंय ते?"
समासात मुंगीएवढं अक्षर होतं:
गृहस्थ तापट. दक्षिणा उधार. धाकटा गुणी.
त्याला रकाना नव्हता.
दोन दिवस विचार करून मी एक पाडला: शेरा.

मग अडले कोंडाजींपाशी.
एका गावात चार कोंडाजी राणूजी,
त्यातले दोघे चुलतभाऊ, आणि एकाच साली आलेले.
गुरुजी शाईवरून ओळखायचे.
मशीनला शाई कळत नाही.
म्हणून प्रत्येकाला एक आकडा दिला,
जो दुसऱ्या कोणाचा नाही, आणि माणूस गेला तरी बदलत नाही.
ती प्रायमरी की.
मुलाच्या ओळीत बापाचा आकडा लिहिला
की त्याला म्हणायचं फॉरेन की.
"परकी किल्ली? सख्ख्या बापाची?"
हसता हसता गुरुजींना ठसका लागला.

इंडेक्स शिकवावा लागला नाही.
दारात कोणी गावाचं नाव घेतलं
की वाक्य संपायच्या आत ते बरोबर त्या फळीपाशी.

बॅकअपही त्यांना माहीत होता.
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं त्या रात्री
वडिलांनी चोपड्या डोक्यावरून नेल्या,
चढावरच्या एका शिंप्याच्या घरी.
"दुसरी प्रत, दुसऱ्या घरात," मी म्हटलं.
"प्रत कुठली? एकच होती.
म्हणून तर रडत होते."

बायकांच्या जागी कुठे 'कुटुंब', कुठे नुसती रेघ.
रेघेचं काय करू? शून्य टाकू?
शून्य म्हणजे मोजलं आणि निघालं नाही.
हे तसं नव्हे. हे नल.
"नळ?"
नल. म्हणजे माहीत नाही. कोणी विचारलं नाही.
आणि एक नल दुसऱ्या नलइतका नसतो, गुरुजी,
दोन रेघा म्हणजे एकच बाई नव्हे.
ते खिडकीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "आजीचं माहेरचं नाव
मलाही ठाऊक नाही बघ."

शेवटच्या दिवशी, बॅकअप चालू असताना,
मी सहज क्वेरी टाकली:
आडनाव अहिरे, गाव आमचं, साल कोणतंही.

गुरुजींनी चष्मा पुसत विचारलं, "चुकलं का काही?"
नाही. चूक असती तर लाल अक्षरं आली असती.
प्रश्न बरोबर होता.
उत्तर आलं: शून्य ओळी.

"तुमच्याकडचे लोक…" ते म्हणाले, आणि थांबले.
मी म्हटलं, आले होते. पणजोबा आले होते,
एकोणीसशे तीस साली, इथून जवळच, काळारामाच्या दारापर्यंत.
ते वेगळ्या कामाला.

स्कॅनरचा पंखा तेवढा फिरत होता.

प्रत्येक ओळीच्या टोकाला एक रकाना असतो,
तो कोणी भरत नाही, मशीन भरतं:
नोंद कोणी केली.
गुरुजींना तो दाखवायचा राहून गेला.
एकेचाळीस हजार दोनशे सहा ओळी,
तापट गृहस्थ, गुणी धाकटा, चारही कोंडाजी,
आणि प्रत्येकाच्या पुढे, न चुकता,
उत्पला अहिरे.