एक उरला तरी

वेंडेल आहोच्या तळघरात, डुलुथमध्ये,
दर गुरुवारी आम्ही मरत असू.
भट्टीशेजारी पत्त्यांचं घडीचं टेबल,
वीस बाजूंचे फासे, वाडगाभर खारे दाणे,
आणि खिडकीच्या फटीतून नाक खुपसणारा
सुपीरियर सरोवराचा वारा, ओल्या कुत्र्यासारखा.

पहिल्या हिवाळ्यात जीव म्हणजे आकडा होता.
माझा चव्वेचाळीस, मार्लिसचा एकसष्ट.
कुऱ्हाड बसली, नऊ गेले. ड्रॅगन फुंकला, तीस गेले.
पण एक उरला असला तरी हात तसाच चालायचा,
तलवार तितकीच खोल जायची,
जिना चढताना साधी धापसुद्धा नाही.
मग शून्य. मग धाडकन.
आणि वाचलात तर रात्रभर झोपायचं,
सकाळी पुन्हा एकसष्ट.
मार्लिस हसायची. इस्पितळात रात्रपाळी तिची.
"नुसतं झोपून बरं होणारं गिऱ्हाईक
माझ्या वॉर्डात अजून यायचंय."

दुसऱ्या हिवाळ्यात वेंडेलनं चौकटी आणल्या.
प्रत्येकाला पाच, पेन्सिलीनं काळ्या करायच्या.
एक काळी झाली की एक फासा कमी,
दोन झाल्या की दोन.
जखमी म्हणून चुकायचो,
चुकलो म्हणून आणखी जखमी,
उतारावर सुटलेल्या ढकलगाडीसारखे.
"हे मात्र खरं आहे," मार्लिस म्हणाली,
आणि फेब्रुवारीपासून यायचीच बंद झाली.
खरं तिला पगारावर मिळत होतं.

तिसऱ्यात आकडेच नव्हते. जखम वाक्यात लिहायची.
(तेव्हा मार्लिस परत आली.)
रास्मसनं लिहिलं: डावा गुडघा, भरवसा नाही.
मी लिहिलं: दारामागे कुणीतरी आहे.
औषध एकच,
दुसऱ्या कुणी शेजारी येऊन बसायचं
आणि ते वाक्य खोडता येईल असं काही करायचं.
माझं दार दुसऱ्याच गुरुवारी उघडलं गेलं.
रास्मसचा गुडघा चार महिने तसाच राहिला.
आम्ही विसरलो.
तो लंगडत राहिला,
पुढे पुढे तर टेबलावरून उठतानासुद्धा.

नियमांवरून भांडायचो खूप.
कुठला माणसासारखा? कुठला नुसता हिशेब?
पहिल्याला आम्ही केव्हाच निकालात काढलं होतं.
एकावर आलेला माणूस साठावरच्यासारखा लढेल?
कुठे पाहिलाय कुणी असा?

वेंडेल तेव्हा खुर्च्या आवरत होता.
खनिजाच्या धक्क्यावर एकतीस वर्षं काढलेला,
एकेका हातात दोन दोन खुर्च्या,
"रात्री बर्फ आहे, निघा लवकर."
पुढच्या गुरुवारी त्यानं वाटाण्याचं सूप केलं,
एकाच राक्षसाचे तीन आवाज काढले,
मी शून्यावर आलो तेव्हा टाळ्या वाजवल्या,
आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर
धाडकन.

वर्षभर असाच चालत असणार, डॉक्टर म्हणाले नंतर.
त्या रात्री मार्लिसनं त्याची छाती दाबली,
मोठ्यानं मोजत, एक ते तीस,
दोन श्वास, पुन्हा एक ते तीस.
त्या तळघरात आकडे
पहिल्यांदाच चढत होते.

आता आम्ही वर, स्वयंपाकघरात खेळतो.
जिना त्याला मना आहे. मीठही. दाणे अळणी.
फासे टाकताना तो मनगट टेबलावर टेकवतो,
आणि आम्ही सगळे ते न पाहिल्यासारखं करतो, वाईट करतो.

"या हिवाळ्यात कुठला नियम?" रास्मसनं विचारलं.
वेंडेलनं खणातून माझा जुना कागद काढला,
पहिल्या वर्षाचा.
नाव शाबूत. तलवार शाबूत. सोन्याची नाणी बारा.
जीव लिहायच्या जागी मात्र
खोडून खोडून भोक.
त्यानं तो दिव्याकडे धरला,
भोकाला डोळा लावून माझ्याकडे पाहिलं.
"इथे किती लिहू?"

मार्लिस उठली, कोटाच्या खिशातून
इस्पितळातली पांढरी चिकटपट्टी काढली,
कागद उलटा करून मागून लावली,
अंगठ्यानं नीट दाबली.
"काहीही लिही," म्हणाली,
"पण पेन्सिलीनं."